वगळलेली मराठी आणि मानव्यविद्यांचे मूल्य

मानव्यविद्यांच्या विद्यापीठीय अध्ययनाचे मूल्य काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा उपयुक्ततेच्या अंगाने होते. कलाशाखेच्या पदवीधराचा समाजाला उपयोग काय, असे विचारले जाते आणि समर्थकही संस्कार, अभिरुची, संवेदनशीलता अशी ठरीव उत्तरे देऊन मोकळे होतात. ही मांडणी अपुरी आहे. कोणते ज्ञान अध्ययनास पात्र हे कोण आणि कशाच्या आधारे ठरवते, हा मूळ प्रश्न तिच्यात बाजूलाच राहतो. मराठीच्या संदर्भात या प्रश्नाला एक इतिहास आहे.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. १८६०नंतरच्या दशकात विद्यापीठाने मॅट्रिकच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा वगळल्या आणि अभिजात भाषांना प्राधान्य दिले. मराठीत उच्च परीक्षेस साजेसे वाङ्मय नाही, अशी त्यामागील धारणा होती. वस्तुतः बाळशास्त्री जांभेकरांची शिळाप्रेसवरील ज्ञानेश्वरी १८४५ साली आणि परशुरामतात्या गोडबोले यांचे 'नवनीत' १८५४ साली प्रसिद्ध झाले होते. तेव्हा उणीव वाङ्मयाची नव्हती. त्या वाङ्मयाची संहिता निश्चित करणाऱ्या, त्याची परंपरा लावणाऱ्या आणि मूल्यमापन करणाऱ्या विद्येची होती. अध्ययन नाही म्हणून वाङ्मय अपात्र आणि वाङ्मय अपात्र म्हणून अध्ययन नाही, असे हे चक्र होते.

न्या. महादेव गोविंद रानडे यांनी ते भेदण्याचा प्रयत्न केला. १८६२ साली याच विद्यापीठातून बाहेर पडलेल्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीतील ते एक. मराठी वाङ्मयाच्या वाढीवरील त्यांचे १८९८चे टिपण भाषाभिमानाचे आवाहन करून थांबत नाही. ते ग्रंथनिर्मितीचा आढावा पुरावा म्हणून मांडते. १९०१ साली त्यांचे निधन झाले. त्याच सुमारास एम्. ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला.

मात्र भाषेला दार उघडले म्हणजे ती बोलणाऱ्या सर्वांना ते उघडले, असे नव्हे. जातीमुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृत नाकारले गेले आणि फार्सी घ्यावी लागली. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० साली महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. तेथे शिकलेल्या गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श'मधून दलित साहित्याला व्यासपीठ दिले. वाङ्मय कशाला म्हणावे, हा निवाडा येथे पुन्हा एकदा उलटतपासणीस आला.

अभिजात भाषांसाठी जिला जागा सोडावी लागली, त्या मराठीलाच केंद्र शासनाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मंजूर केला. त्यासाठी मांडलेला पुरावा शिलालेखांचा, प्राकृत ग्रंथांचा, म्हणजे मानव्यविद्यांच्या अभ्यासकांनी पिढ्यान्पिढ्या वाचून, ताडून सिद्ध केलेला होता.

मानव्यविद्यांचे मूल्य या प्रक्रियेत शोधावयास हवे. समाजाने दिलेले श्रेष्ठ-कनिष्ठतेचे निवाडे पुराव्यानिशी फेरतपासणीस घेण्याची पद्धती त्या शिकवतात. दर्जा शासननिर्णयाने मिळू शकतो. संहिता वाचणारा विद्यार्थी मात्र अध्यापनातूनच घडवावा लागतो. विद्यार्थीसंख्येचा हिशेब मांडून एखादा भाषाविभाग बंद करताना केवळ काही पदे कमी होत नाहीत. चुकीच्या निवाड्याविरुद्ध दाद मागण्याची एक जागाही बंद होते.