धाकट्या मुलाची झिलई

क्योतोच्या गोजोझाका चढावर मी राहत होते तेव्हा घरमालकांचे वडील संध्याकाळी दारात बसून जुन्या गोष्टी सांगत. नव्वदीला टेकलेले हे आजोबा, घराणं कुंभारांचं. त्यांच्या आजोबांच्या काळी झिलईचं प्रमाण कुणी कागदावर उतरवत नसे. राख किती, फेल्डस्पार किती, हे बाप फक्त थोरल्या मुलाला सांगायचा.

त्या गल्ल्यांत १८९६ साली क्योतो शहरानं चिनीमातीची प्रयोगशाळा काढली. लोक तिला 'शिकेन्जो' म्हणत. तिच्याआधी गॉटफ्रीड वागनर या जर्मन रसायनतज्ज्ञानं अरिता गावच्या कुंभारांना कोबाल्ट ऑक्साइडची ओळख करून दिली होती, क्योतोतही शिकवलं होतं. तरी आजोबांचे आजोबा अडून बसले : घरातली राख सरकारी वहीत कशाला?

१९१४ मध्ये कावाई कान्जिरो आणि १९१६ मध्ये हामादा शोजी तिथं नोकरीला लागले, दोघंही तोक्योच्या तंत्रशाळेतून आलेले. दोघांनी मिळून झिलईचे दहा हजार प्रयोग केले, असं सांगतात. तसल्या नमुन्याची एक पट्टी आजोबांनी माझ्या तळहातावर ठेवली. करंगळीएवढी, अर्धी कोरी, अर्धी गर्द तपकिरी; झिलई ओघळून कडेला जाड थेंब थिजलेला. मागे लोहरंगानं लिहिलेला आकडा. फसलेल्या पट्टीलाही आकडा मिळायचा. मला यातच त्या संस्थेचं मोठेपण दिसतं.

पुढे हे दोघं लोककलेच्या चळवळीचे अध्वर्यू झाले. हामादा १९२० मध्ये इंग्रज कुंभार बर्नार्ड लीचबरोबर इंग्लंडला गेले, परतल्यावर माशिको गावात स्थिरावले. कावाईंनी याच चढावर भट्टी घेतली. या दोघांच्या भांड्यांकडे बघून लोक हाताच्या उपजत जाणिवेचं कौतुक करतात. करावंच. पण त्या हातामागे वह्या होत्या, तराजू होता, हे कुणी फारसं सांगत नाही, आणि मला ते खटकतं.

१९१९ मध्ये संस्था केंद्र सरकारकडे गेली. आजोबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना शिकेन्जो आठवायची ती वडिलांमुळे. वडील धाकटे, म्हणजे घरची झिलई त्यांच्या वाट्याला येणारच नव्हती. प्रयोगशाळेच्या प्रशिक्षणवर्गात ते राख तोलायला शिकले, आणि थोरल्या भावाच्या शेजारीच स्वतःच्या नावाची भांडी विकायला बसले.