घड्याळाची चेन मे महिन्यात घट्ट, डिसेंबरमध्ये सैल का होते? निवड आणि माप कसं करावं?

एप्रिल-मे म्हणजे शिरपूर परिसरात आखाजी आणि लग्नसराईचा काळ. नवरदेवाला किंवा जावयाला भेट द्यायच्या वस्तूंमध्ये चेनचं घड्याळ मोबाइलच्या जमान्यातही टिकून आहे. दुकानात पाच मिनिटांत कड्या काढून चेन मनगटाच्या मापाची केली जाते. मात्र उन्हाळ्यातल्या दुपारी नेमकी बसलेली हीच चेन थंडी सुरू झाली की मनगटावर गरगर फिरू लागते.

यात दोष चेनचा नसतो. उष्णतेत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि मनगट किंचित फुगतं. थंडीत याच्या उलट होतं. खानदेशात उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या पुढे जातो आणि हिवाळ्यात धुळे जिल्ह्यात तो 10 अंशांच्याही खाली उतरतो. त्यामुळे इथे चेन घेताना दोन्ही ऋतूंचा विचार करावा लागतो.

आधी रुंदी मोजा

घड्याळाच्या केसला वर आणि खाली दोन-दोन टोकं असतात, त्यांच्यामध्ये चेन किंवा पट्टा अडकतो. या टोकांना 'लग' म्हणतात. दोन लगमधलं आतलं अंतर हेच चेनचं माप. ते मिलिमीटरमध्ये असतं आणि पुरुषांच्या घड्याळांत 18, 20 आणि 22 मिमी ही मापं सर्रास आढळतात. 20 मिमीच्या जागी 18 मिमीची चेन लावली तर ती डावी-उजवीकडे सरकत राहते आणि पिन झिजते. मोठी चेन दाबून बसवली तर लग वाकू शकतात.

चेनचं टोक कसं आहे, तेही पाहा. सरळ टोकाची चेन योग्य रुंदीच्या बहुतेक घड्याळांना लागते. गोलाई दिलेलं टोक मात्र ठरावीक मॉडेलच्या केसलाच चिकटून बसतं. अशी चेन घेताना घड्याळ सोबत न्यावं.

धातू कोणता?

चांगल्या चेनसाठी '316 एल' हे स्टेनलेस स्टील वापरलं जातं. त्यात 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं. घामातल्या मिठामुळे पृष्ठभागावर बारीक खड्डे पडण्याला ते विरोध करतं. भांड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या '304' स्टीलमध्ये मॉलिब्डेनम नसतं. चुंबक लावून या दोघांतला फरक कळत नाही, कारण दोन्ही प्रकार चुंबकाला जवळपास चिकटत नाहीत.

स्वस्त चेनमध्ये पितळेवर किंवा इतर धातूवर मुलामा असतो. घामाने आणि घासून तो उडाला की आतला धातू त्वचेला लागतो. त्यात निकेल असेल तर काहींना खाज सुटते आणि लाल चट्टे येतात. त्वचेला सतत लागून राहणाऱ्या वस्तूंमधून दर आठवड्याला प्रति चौरस सेंटिमीटर 0.5 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटू नये, अशी युरोपीय संघाची मर्यादा आहे. 316 एलमध्येही निकेल असतं, पण ते फार कमी प्रमाणात बाहेर येतं. ज्यांना निकेलचा त्रास आहेच, त्यांच्यासाठी टायटॅनियम सुरक्षित. ते स्टीलपेक्षा जवळपास 40 टक्के हलकंही असतं.

जुन्या एचएमटीला चेन लावावी का?

सरकारी कंपनी एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने 1961 मध्ये बेंगळुरूत घड्याळांचं उत्पादन सुरू केलं. 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्याला मंजुरी दिली. त्यामुळे घरात आजोबांचं किंवा वडिलांचं एचएमटी असेल, तर त्याच्या केसची झीज भरून काढणं सोपं नाही.

अनेक जुन्या घड्याळांची केस पितळेची आणि वरून क्रोमचा मुलामा असलेली असते. जड स्टीलची चेन लगवर घासत राहिली की मुलामा निघतो, पितळ उघडं पडतं आणि घामाने हिरवट होतं. पिनची भोकंही मोठी होत जातात. अशा घड्याळाला चामड्याचा पट्टा किंवा हलकी जाळीची चेन बरी.

बसवताना पिनकडे लक्ष द्या

चेन आणि घड्याळ यांना जोडून ठेवतो तो स्प्रिंग बार, म्हणजे दोन्ही टोकांना दबणारी बारीक पिन. घड्याळ हातातून निसटून पडतं ते बऱ्याचदा ही पिन गंजल्यामुळे किंवा वाकल्यामुळे. म्हणून नवी चेन लावताना पिनही नवी घ्यावी. ती साधारण 1.5 मिमी जाड असते, जड घड्याळांना 1.8 मिमीची लागते. लगच्या भोकात बसेल तीच जाडी निवडावी.

पिनचं एक टोक भोकात घालायचं, दुसरं टोक अवजाराने दाबून आत सरकवायचं. 'टक' असा आवाज आला की पिन बसली. मग मऊ कापडावर घड्याळ धरून चेन दोन-तीनदा ओढून पाहावी. ओरखडे टाळण्यासाठी लगवर आधी चिकटपट्टी लावता येते.

कड्या किती काढायच्या?

लॉक मनगटाच्या खालच्या बाजूला मधोमध यायला हवं. म्हणून दोन्ही बाजूंनी शक्यतो सारख्या कड्या काढतात. कडीच्या आतल्या बाजूला बाण असेल, तर पिन त्याच दिशेने बाहेर ठोकायची आणि बसवताना उलट दिशेने आत घालायची. काही चेनमध्ये पिनवर बारीक नळी असते. काम करताना ती खाली पडून हरवली, तर पिन पुढे आपोआप सरकून बाहेर येते.

लॉक आणि मनगट यांच्यामध्ये करंगळी जेमतेम जावी, हे योग्य माप. एक आख्खी कडी काढली की माप सहा मिमीच्या आसपास किंवा त्याहून जास्त बदलतं. लॉकच्या कडेला असलेल्या बारीक छिद्रांनी मात्र ते दोन-तीन मिमीने बदलता येतं. खानदेशासाठी अशी छिद्रं असलेलंच लॉक घ्यावं. दुपारी माप घेत असाल तर मधलं छिद्र वापरावं, म्हणजे दोन्ही बाजूंना जागा उरते.

चेन कधी काढून ठेवावी?

ट्रॅक्टरची बॅटरी बदलताना धातूची चेन दोन टोकांना टेकली तर शॉर्टसर्किट होऊन चेन क्षणात तापते आणि मनगट भाजतं. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडताना विजेचा धक्का बसण्याचा धोका असतो. अशा कामांआधी चेनचं घड्याळ काढावंच.

हळद, घाम आणि धूळ कड्यांच्या फटीत साचते. घड्याळ पाण्यात टिकणारं नसेल, तर चेन सुटी करून कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने घासावी आणि पूर्ण कोरडी करून पुन्हा लावावी.

आणि दुकानातून निघण्याआधी काढलेल्या कड्या आणि पिना मागून घ्याव्यात. वजन वाढलं किंवा घड्याळ मुलाच्या हातात गेलं, तर त्याच मॉडेलची कडी नंतर मिळेलच असं नाही.