सभागृहातल्या दोन टीव्हींची किंमत

आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, आणि पुढच्याच वर्षी आपली सोसायटी नोंदली गेली. स्मरणिकेसाठी 'काहीतरी इतिहास लिहा' असं सचिवांनी सांगितलं. बोअरवेल, पाण्याची टाकी, बगिचा यांवर इतरांनी लिहिलंच आहे. मी जडवस्तू नोंदवही उघडली आणि सभागृहातल्या टीव्हीच्या नोंदींपाशी थांबलो. पंचवीस वर्षांतली दोन मोठी भांडणं तिथंच आहेत. एकदा जुना टीव्ही महाग घेतला म्हणून, आणि एकदा जुना टीव्ही कितीला द्यायचा म्हणून.

पहिली नोंद फेब्रुवारी २००३ ची. दक्षिण आफ्रिकेत वर्ल्ड कप सुरू झाला होता. घरोघरी २०-२१ इंची संच होते, पण सगळ्यांनी मिळून मॅच बघायची हौस. बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांचा २९ इंची टीव्ही विकायचा आहे असं कळलं. चार वर्षं वापरलेला, मूळ किंमत २८,०००, मागणी १४,०००. अर्ध्या किमतीत एवढा मोठा पडदा! आम्ही चौघं बघायला गेलो तेव्हा टीव्ही सुरूच होता. चित्र झकास. घासाघीस करून १३,००० ला ठरला, घरटी वर्गणी काढली आणि कंबर धरत तो जिना चढवला.

टीव्ही आधीपासून सुरू होता, तिथंच आम्ही फसलो. त्या संचात सगळा जीव पिक्चर ट्यूबचा. ट्यूब थकली की थंड टीव्ही लावल्यावर चित्र अंधुक येतं आणि पाच-दहा मिनिटांनी उजळतं. तापलेल्या टीव्हीवर हे कळतच नाही. २३ मार्चच्या फायनलला ऑस्ट्रेलियानं ३५९ धावा ठोकल्या, त्यातली पहिली काही षटकं आम्ही भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखी पाहिली. दिवाळीपर्यंत माणसांचे चेहरे हिरवे पडायला लागले. मेकॅनिकनं नव्या ट्यूबचा खर्च सांगितला तो ऐकून सगळे गप्प. दाणा दाताखाली फोडून ओल बघितल्याशिवाय धानाचा भाव न बोलणारी आपण माणसं, टीव्ही मात्र नुसता बघून घेतला! वार्षिक सभेत एका काकूंनी विचारलंच, "काहून जी, बंद करून पुन्हा लावाले तुमचे हात दुखत होते का?" याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

'जुनं म्हणजे अर्धी किंमत' हा हिशेब आमच्या डोक्यात आधीच्या काळातून आलेला. १९८२ ला, दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. १९८७ ला 'रामायण' लागलं. तेव्हा टीव्ही घेणं म्हणजे घरातलं कार्यच. संच वर्षानुवर्षं दुरुस्त होऊन चालत, म्हणून जुन्यालाही गिऱ्हाईक मिळे. सपाट पडदे आले आणि हे सगळं मोडलं. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात मिरवणारा प्लाझ्मासुद्धा पॅनासॉनिकनं २०१३-१४ च्या सुमारास बनवणं बंद केलं. आपला २९ इंची २०१२ ला भंगारात गेला. ४०० रुपये आले, तेही आतल्या तांब्याच्या कॉइलपायी.

दुसरा टीव्ही मे २०१९ मध्ये नवा घेतला, ५५ इंची, ५२,००० रुपयांना. यंदा त्याच्या जागी नवीन घ्यायचं ठरलं आणि आपल्या रात्रीच्या चौकीदार भाऊंनी विचारलं, "थो जुना मले द्याल का?" दिवाळीनंतर त्यांच्या गावची मंडई. घर पाहुण्यांनी भरतं, त्याआधी टीव्ही हवा होता.

आता किंमत काय? दरवर्षी १५ टक्के घसारा वजा जाऊन आपल्या पुस्तकात ३१ मार्च २०२५ ला त्याची किंमत १९,६१२ रुपये दिसत होती. हिशेब बघणारे म्हणाले, त्याखाली विकलं तर तोटा दाखवावा लागेल. दोघं-तिघं म्हणाले, गरीब माणूस आहे, फुकट द्या. सभा तापली. शेवटी भाऊंनाच बोलावलं. ते म्हणाले, "फुकट नोको जी. मंग लोकं म्हणतीन, सोसायटीनं भंगार देल्लं. वाजवी काय ते सांगा."

हा 'वाजवी' शब्द आम्हाला चांगलाच महाग पडला. दोन संध्याकाळी गेल्या. आधी घसाऱ्याचा आकडा बाजूला ठेवला. तो हिशेबाच्या सोयीचा, त्याचा बाजाराशी संबंध नाही. मूळ बिलही सोडलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे करासकट १२८ रुपयांची वस्तू ११८ ला. नवा स्वस्त झाला की जुना आपोआप उतरतो. दुकानात विचारलं, तर साधा ५५ इंची नवा ३३,००० ला मिळत होता. मोजायला सुरुवात तिथून केली.

मग तपासणी. या वेळी टीव्ही रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड लावला! पूर्ण पांढरा पडदा लावल्यावर उजव्या कोपऱ्यात दोन मळकट डाग दिसले. मागच्या उजेडाच्या पट्ट्या थकल्या होत्या, खर्च ३,५००. सेट-टॉप बॉक्स एकेका पोर्टला लावून पाहिला. एक पोर्ट मेलेला, बहुधा जूनमधल्या विजांनी. पॅनलवर रेघ मात्र एकही नव्हती. असती तर बोलणंच खुंटलं असतं, कारण पॅनल बदलायला जवळजवळ नव्या टीव्हीएवढा खर्च येतो. आयुष्य नऊ वर्षं धरलं, सहा गेली, उरला एक तृतीयांश: ११,०००. त्यातून पट्ट्यांचे ३,५०० वजा. ७,५०० रुपये, तीन हप्त्यांत. पुस्तकात १२,११२ रुपये तोटा लिहिला गेला आणि सभेनं तो मंजूर केला.

मला विचाराल तर हजारभर जास्तच झाले. वॉरंटी नाही आणि बंद पोर्टचं आम्ही काहीच कमी केलं नाही. हे मी सभेत बोललो नाही, इथं लिहितो. भाऊंनी मात्र घासाघीस केली नाही. त्यांनीही स्वतः एकदा बंद करून पुन्हा लावून पाहिला, आणि मंडईच्या दोन दिवस आधी टीव्ही रजईत गुंडाळून, आडवा न करता उभाच धरून, ई-रिक्षातून नेला.