कंपनीची वही आणि नदीचा काठ

‘कंपनी’ हा शब्द सामान्य मराठी माणसाच्या कानी पडला तो व्यापाराच्या अर्थाने नव्हे, राज्याच्या अर्थाने. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि पुणे प्रांतावर जी सत्ता बसली, तिला लोक ‘कंपनी सरकार’ म्हणू लागले. पेढी आणि राजा एकच झाल्यावर पेढीच्या कारभारावर कोणी देखरेख ठेवावी, ही कल्पना रयतेस सुचणार तरी कशी? लंडनच्या पार्लमेंटास मात्र ती त्यापूर्वीच सुचली होती. १७७३ च्या कायद्याने कंपनीच्या संचालकांना हिंदुस्थानच्या वसुलासंबंधीचा पत्रव्यवहार ब्रिटिश सरकारास दाखविणे भाग पडले, आणि १७८४ साली त्यांच्यावर एक नियामक मंडळ बसविण्यात आले. ही देखरेख मोठ्या सद्हेतूने झाली असे समजण्याचे कारण नाही. कंपनी कर्जात बुडाली होती आणि सरकारकडे हात पसरीत होती. ज्याने पैसा द्यावयाचा त्याने वही पाहावयाची, एवढाच व्यवहार त्यात होता. आळंदीच्या काठावरील कुणब्यास त्या पत्रांतील एक ओळही दिसण्याची सोय नव्हती.

पुढील शंभर वर्षांत जे कायदे झाले, त्यांचा रोख हाच राहिला. १८५७ साली भागीदाराची जबाबदारी त्याच्या भागापुरतीच ठेवणाऱ्या कंपन्यांना या देशात मान्यता मिळाली. नंतर १८६६, १८८२ व १९१३ चे कायदे आले. हिशेब तपासलेले असावेत व ते भागीदारांपुढे यावेत, अशी व्यवस्था क्रमाक्रमाने पक्की झाली. कामगारांची पाळी मागाहून आली. १८८१ चा कारखान्यांचा कायदा मुख्यतः मुलांच्या कामाच्या तासांपुरताच होता, आणि नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सह्या गोळा करून सरकारकडे गाऱ्हाणे न्यावे लागले. परंतु ज्याचा कंपनीत पैसाही नाही आणि जो तिच्या पगारावरही नाही, असा जो तिसरा मनुष्य, म्हणजे कारखान्याच्या खालच्या अंगास नदीकाठी राहणारा, त्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते.

इंद्रायणीच्या इतिहासात हा तिसरा मनुष्य पहिल्यांदा ठळकपणे दिसतो तो आळंदीत नव्हे, तर वर मावळात. ही नदी लोणावळ्याच्या परिसरात उगम पावते, देहूवरून आळंदीस येते आणि पुढे तुळापूरजवळ भीमेस मिळते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टाटांच्या जलविद्युत कंपनीने वळवण, लोणावळा व शिरवता येथे तलाव बांधले. घाटमाथ्यावरचे पाणी नळांतून सुमारे १,७०० फूट खाली खोपोलीस सोडण्यात आले, आणि १९१५ साली त्यावर निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांस पोहोचली. काम खरोखर अपूर्व होते. गिरण्यांच्या धुराने काळवंडलेल्या मुंबईस त्याची गरजही होती. तथापि जे पाणी पूर्वेस पंढरीच्या वाटेने जावयाचे, त्यातील काही पश्चिमेस कोकणात उतरू लागले. पुढे इंद्रायणीस मिळणाऱ्या आंध्रा नदीवरही ठोकरवाडीस धरण झाले.

कंपनीसाठी जमीन घेण्याचा मार्ग १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या सातव्या भागात आखून दिलेला होता. काम लोकोपयोगी असल्याची सरकारची खात्री पटली पाहिजे, कंपनीने सरकारशी करार केला पाहिजे व तो करार राजपत्रात छापला गेला पाहिजे, अशा अटी होत्या. कागदावर ही देखरेख उत्तम म्हणावी लागेल. मात्र करार दोघांचा आणि जमीन तिसऱ्याची! मावळातल्या झोपडीत राजपत्र कोण वाचणार? शेजारच्या मुळशी खोऱ्यात टाटांच्याच कंपनीविरुद्ध १९२१ साली रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला आणि सेनापती बापट यांनी त्यासाठी कारावास भोगला. धरण अखेर झालेच.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाने दिशा बदलली. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि कालांतराने पिंपरी-चिंचवड व चाकण या दोन पट्ट्यांच्या मधोमध आळंदी सापडली. पाणी कोणी नेले, हा पूर्वीचा प्रश्न. पाण्यात काय सोडले, हा नवा. अलीकडच्या काही वर्षांत पालखी प्रस्थानाच्या वा कार्तिकीच्या सुमारास घाटापाशी पांढरा फेस तरंगताना हजारो लोकांनी पाहिला आहे. सगळा दोष कारखान्यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही, कारण वाढत्या वस्तीचे सांडपाणीही याच पात्रात येते. परंतु कोणाचा वाटा किती, हे केवळ फेस पाहून कळत नाही. ते वहीत पाहावे लागते.

जुन्या दंडविधानाचे २७७ वे कलम सार्वजनिक झरा किंवा जलाशय घाण करणाऱ्यास शिक्षा सांगत होते. पण वाहती नदी त्या शब्दांत बसत नाही, असा अर्थ न्यायालयांनी लावला होता. महाराष्ट्राने १९६९ साली जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा केला आणि १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ नेमले. केंद्राचा कायदा १९७४ चा. त्यातील नमुना घेण्याची पद्धत मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. अधिकाऱ्याने मालकास तेथल्या तेथे सूचना द्यावयाची, त्याच्या समक्ष सांडपाण्याचे दोन भाग करावयाचे, दोन्ही भांड्यांवर मोहोर करून दोघांनी सह्या करावयाच्या. एक भाग मंडळाच्या प्रयोगशाळेत जातो, दुसरा मालकाने मागणी केल्यास शासनमान्य प्रयोगशाळेत. कारखानदारावर खोटा आळ येऊ नये म्हणून ही काळजी आहे आणि ती योग्यच आहे. मात्र भांडी दोनच. नदीकाठच्या माणसासाठी तिसरे नाही.

त्याच्यासाठी दुसरी एक सोय त्याच कायद्याच्या २५ व्या कलमात ठेविली आहे, आणि ती फारशी कोणास ठाऊक नाही. कारखान्यास परवानगी देताना घातलेल्या अटींची नोंदवही मंडळाने ठेवावी, आणि ज्याचा संबंध आहे किंवा ज्यास बाधा पोहोचते अशा कोणासही ती योग्य वेळी पाहता यावी, असे ते कलम म्हणते. ‘भागीदार’ हा शब्द तेथे नाही.

वही बंद असण्याची किंमत या देशाने १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ येथे मोजली. कोणती वस्तू कोठीत आहे आणि तिच्यावर उपाय काय, हे शेजारच्या वस्तीस माहीत नव्हते. १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात भर घालून धोक्याची माहिती कामगारांस, स्थानिक संस्थेस व आसपासच्या जनतेस देणे मालकावर बंधनकारक करण्यात आले. १९८८ साली जलप्रदूषणाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, साठ दिवसांची नोटीस देऊन कोणाही नागरिकास न्यायालयात जाता येऊ लागले. अशा नागरिकास मंडळाने आपले अहवाल द्यावेत, असेही ठरले. त्याला शेपूट मात्र जोडले होते: सार्वजनिक हितास बाध येईल असे वाटल्यास मंडळास नकार देता यावा. सांडपाण्याच्या अहवालाने सार्वजनिक हितास बाध कसा येतो, हे कायद्याने सांगितलेले नाही.

यानंतर २००५ साली माहितीचा अधिकार आला, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगी आयुष्य हा मूलभूत हक्क ठरविला. तो ठरविणे अवश्यच होते. माणसाचा आजार, त्याचा पैसा, त्याच्या बोटांचे ठसे ही बाजारात मांडावयाची वस्तू नव्हे. कंपन्यांनी गोळा केलेली अशी माहिती राखण्यासाठी २०२३ साली स्वतंत्र कायदा झाला व कसुरीस अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला गेला. परंतु त्याच कायद्याने माहितीच्या अधिकारातील वैयक्तिक माहितीचे कलम अधिक आखूड केले. सार्वजनिक हिताचे दुसरे कलम शाबूत आहे. तरी ‘वैयक्तिक’ हा शब्द कचेरीत किती ताणला जाईल, याची धास्ती बाळगणाऱ्यांस वेडे ठरविता येणार नाही. माणसास खाजगी आयुष्य असते, नाल्यास नसते. कार्तिकी एकादशीच्या पहाटे घाटावर ओंजळभर पाणी तोंडास लावणारा मनुष्य २५ व्या कलमातील ‘ज्यास बाधा पोहोचते’ या शब्दांत सहज बसतो. ती नोंदवही मात्र घाटावर नसते. ती मंडळाच्या कचेरीत असते आणि मागावी लागते.