मडक्यातली लेकरं

आमच्या नेवाशाला माणसं येतात ती ज्ञानेश्वरांच्या पैस खांबासाठी. लाडमोडाच्या पांढरीकडं कुणी फिरकत नाही. तिथं 1954 ते 56 आणि पुन्हा 1959 ते 61 डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी खणलं, तेव्हा जोर्वे काळातलं, तीन हजार वर्षांच्याही आधीचं गाव निघालं. घरांच्या जमिनीखाली लेकरं पुरलेली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची, आत तान्हं. प्रवरेच्या वरल्या अंगाला दायमाबादेत तेच, शिरूर तालुक्यात घोडकाठच्या इनामगावातही तेच.

एवढी लेकरं पुरली म्हणजे दुष्काळ, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण जिथं पाळणे जास्त हलतात तिथं पोरांची हाडंही जास्तच सापडणार. नुसती मडकी मोजून मरण किती, जन्म किती, हे कळत नाही. म्हणून अभ्यासकांनी हाडांची वाढ पाहिली, दुधाचे दात पाहिले. हे दात आईच्या पोटातच घडू लागतात, त्यामुळं आईची उपासमार, दुखणी त्यांवर खूण ठेवून जातात.

इ.स.पू. 1000च्या सुमारास नेवासे, दायमाबाद ओस पडलं. इनामगाव आणखी तीनेकशे वर्षं टिकलं, पण कसं? ऐसपैस चौकोनी घरं जाऊन गोल खोपी आल्या, शेती खालावली, शिकारीवर भर आला. ढवळीकरांनी कारण दिलं पाऊस घटल्याचं. सगळ्यांना ते पटत नाही. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी 2011च्या पुस्तकात या पडत्या काळाचा हिशेब मांडलाय: तान्ही जास्त दगावत होती आणि जन्मही जास्त होत होते.

ऐकायला उलटं वाटतं. आमच्या आजीला वाटलं नसतं. तिच्या वेळच्या बायका सहज सांगायच्या, "बारा झाली, पाच राहिली." तान्हं गेलं की अंगावरचं दूध तुटतं, अन् वर्षाच्या आत बाईला पुन्हा दिवस जातात. अर्धपोटी बाईचं पुढचं बाळ आणखी रोडकं. त्यात गाव लहान. दोन-चार तरण्या बायका बाळंतपणात गेल्या तरी पुढच्या पिढीला माणसं कमी पडणार. मोठं गाव असा घाव सोसतं, लहान गाव उठून जातं.

नेवाशात पुन्हा वस्ती झाली ती थेट सातवाहनांच्या सुमाराला. मधली काही शतकं त्या लेकरांवर नुसती माती होती, घर नव्हतं.