कॉलेज सुटल्यानंतरचं कॉलेज

वऱ्हाडातल्या उच्च शिक्षणाचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण सनावळी सांगतो. अमुक साली कॉलेज निघालं, तमुक साली विद्यापीठ आलं. या सनावळ्या खऱ्या आहेत आणि त्यातल्या काही मीही आज सांगणार आहे. पण एक प्रश्न त्यांत कधी येत नाही. शेवटच्या तासाची घंटा झाली, की खेड्यातून आलेला विद्यार्थी कुठे जायचा? माझं म्हणणं असं, की आमच्यासारख्यांचं निम्मं शिक्षण त्या घंटेनंतर सुरू व्हायचं.

आमच्यासारख्यांचं म्हणजे कुणाचं, ते आधी सांगतो. माझं गाव इंझोरी. वाशिम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, कारंजा-मानोरा रस्त्यावरचं. मी शिकलो तेव्हा वाशिम जिल्हा अकोल्यातच होता. तो १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. काळी जमीन, कापूस, तूर, अलीकडे सोयाबीन. दहावी-बारावी झालेला पोरगा दिसला की लोक विचारायचे, “आता पुढं काय?” या ‘पुढं’चा अर्थ अमरावती किंवा अकोला. त्याच्याही पुढं नागपूर. मुंबई-पुणं आमच्या बोलण्यातच नव्हतं.

गंमत म्हणजे, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्या सधन घरांतली गोष्ट उलटी होती. तेव्हा वऱ्हाडात कॉलेजच नव्हतं. आमचा कापूस आगगाडीनं मुंबईला जायचा आणि शिकणारी मुलंही त्याच वाटेनं जायची. अमरावतीचे पुढारी दादासाहेब खापर्डे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, ते म्हणूनच. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ साली आणि मॉरिस कॉलेज १८८५ साली सुरू झालं. पण परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठाची आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाची. विचार करा, मुलगा नागपूरला, परीक्षेचा कागद अलाहाबादचा, आणि पैसा वऱ्हाडातल्या कपाशीचा! ज्याच्या घरी कपाशीची गंजी मोठी, त्याचाच मुलगा शिकायचा.

१९२३ हे साल आपल्यासाठी महत्त्वाचं. त्या वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच वर्षी अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज निघालं. पुढं त्याचं नाव विदर्भ महाविद्यालय झालं. कवी सुरेश भट इथलेच विद्यार्थी. कॉलेज गावाजवळ आलं खरं, पण प्रवेश मिळाला तरी राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे? शेतकऱ्याच्या, बलुतेदाराच्या, दलिताच्या मुलाला शहरात खोली कोण देणार?

हा प्रश्न ज्यांनी ओळखला ते डॉ. पंजाबराव देशमुख. पापळसारख्या खेड्यातून निघून विलायतेपर्यंत शिकून आलेला हा माणूस. अमरावतीला परतल्यावर १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं. वेगवेगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहतील, एका पंगतीत जेवतील, अशी ती कल्पना. श्री शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतर आली. हा क्रम मला फार बोलका वाटतो. आधी वसतिगृह, मग शाळा-कॉलेजांचा विस्तार. शिकवायला मास्तर मिळतो. पण शिकणाऱ्याला पाय रोवायला जागा लागते, हे पंजाबरावांना कळलं होतं.

आमच्या भागाला जवळचं उदाहरण वसंतराव नाईकांचं. पुसद तालुक्यातल्या गहुलीसारख्या तांड्यावरून निघालेला हा बंजारा मुलगा नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून १९३८ साली बी.ए. झाला आणि १९४० साली वकील. १९४१ मध्ये त्यांनी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. पुढं १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांहून अधिक काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. आमच्या मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला जत्रेला जाणाऱ्या माणसांच्या तोंडी नाईकांचं नाव आजही असतं. पुस्तकं तर त्यांनी वाचली असतीलच. पण तांड्यावरच्या मुलानं शहरात मान वर करून वावरणं, चारचौघांत बोलणं, परक्या घरात आपलं माणूस शोधणं, हे कोणत्या तासाला शिकवतात?

आता मैदानाकडे येऊ. अमरावतीला कॉलेज निघण्याच्या नऊ वर्षं आधी, १९१४ साली, वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला होता. तेच पुढचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. म्हणजे अमरावतीत कॉलेजआधी आखाडा आला! १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूनं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. खेड्यातला पोरगा ज्याला हुतूतू म्हणतो, तो खेळ अमरावतीच्या मंडळींनी जर्मनीत नेला. आमच्या वेळी कॉलेजात नवा आलेला मुलगा वर्गात मागच्या बाकावर दबून बसायचा, पण कबड्डीच्या मैदानात उतरला की त्याचं नाव दुसऱ्या दिवशी सगळ्या कॉलेजला ठाऊक व्हायचं.

क्रिकेटचं मात्र तसं नव्हतं. ते शहराचं, कॉलेजचं आणि साहेबाचं. पण त्या क्रिकेटचाही पहिला मोठा भारतीय नायक आपल्या नागपूरचा. सी. के. नायडू यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात झाला. १९२६ साली मुंबईत एमसीसीच्या संघाविरुद्ध त्यांनी १५३ धावा काढल्या आणि त्यात ११ षटकार होते. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला तेव्हा कर्णधार तेच होते. विद्यापीठांची आपसातली स्पर्धा, रोहिंटन बारिया करंडक, १९३५-३६ पासून सुरू झाली आणि ‘युनिव्हर्सिटीकडून खेळलेला’ हा मुलाच्या नावापुढं लागणारा मोठा मान झाला. आम्ही अशा मुलाला ‘कलर होल्डर’ म्हणायचो. त्याचा कोट अंगात घालून बघायला मिळावा म्हणून वसतिगृहात रांग लागायची.

मी १९८६ साली अमरावतीला गेलो. अमरावती विद्यापीठ तेव्हा अवघ्या तीन वर्षांचं होतं. १ मे १९८३ रोजी ते स्थापन झालं. २००५ साली त्याला संत गाडगेबाबांचं नाव मिळालं. इंझोरीहून कारंजा आणि कारंज्याहून अमरावती, असा एसटीचा प्रवास. कुणी हौशी मुलगा कारंज्याहून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतलेनं जायचा. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची ही छोटी गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालायची आणि चालत्या गाडीतून उतरून परत चढता येईल इतकीच तिची चाल. ती आता बंद आहे.

वर्गात आमची पहिली अडचण इंग्रजी. मराठी शाळेतून आलेल्या मुलाला प्राध्यापकांचं पहिलं वाक्य समजेपर्यंत तिसरं वाक्य फळ्यावर यायचं. मग आम्ही काय करायचो? क्रिकेटचं धावतं वर्णन ऐकायचो. आकाशवाणीवर ते हिंदी आणि इंग्रजी असं आलटूनपालटून असायचं. हिंदीत काय झालं ते कळलेलं असायचं, म्हणून इंग्रजीत काय चाललंय त्याचा अंदाज बांधता यायचा. चेंडू कुठे गेला, कोण धावला, किती धावा झाल्या, हे माहीत असलं की क्रियापदं आपोआप ओळखीची होतात. माझी इंग्रजीची भीती ट्रान्झिस्टरनं घालवली, हे मी नेहमी सांगतो. वसतिगृहात एका खोलीत एक रेडिओ आणि त्याभोवती दहा-बारा डोकी. त्यात कोण कुठल्या जातीचा आणि कुणाचा बाप किती एकरांचा धनी, हे तेवढ्या वेळापुरतं तरी कुणी विचारत नसे.

३१ ऑक्टोबर १९८७. विश्वचषकाचा सामना, नागपूर, भारत विरुद्ध न्यूझीलंड. दिवाळीची सुटी होती, म्हणून मी गावी होतो आणि वावरात कपाशीची वेचणी चालू होती. पराटीच्या ओळीत ट्रान्झिस्टर ठेवला होता. चेतन शर्मानं रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे तीन चेंडूंत तीन त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅट्‌ट्रिक. नंतर अंगात ताप असताना सुनील गावसकरांनी ८८ चेंडूंत नाबाद १०३ धावा केल्या. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं हे एकमेव शतक. २२२ धावांचं लक्ष्य भारतानं ३३व्या षटकातच गाठलं. वेचणाऱ्या बायांना क्रिकेट कळत नव्हतं, पण नागपूर कळत होतं. “आपल्या नागपूरले झालं का हे?” असं एकीनं विचारलं आणि ओटीतला कापूस सावरत ती थोडा वेळ रेडिओपाशी थांबली. त्या दिवशी सी. कें.चा जन्मदिवस होता, हे मला फार उशिरा वाचनात आलं. सुटी संपवून परतलो तेव्हा पुढचे आठ दिवस वसतिगृहात दुसरा विषय नव्हता. उपांत्य फेरीत मुंबईला इंग्लंडकडून हरल्याचं दुःखही आम्ही मिळूनच केलं.

खेळाखेरीज कॉलेजात आणखी बरंच होतं. गॅदरिंग होतं, शेलापागोटे होते, वादविवाद होते. राष्ट्रीय सेवा योजना गांधी शताब्दीच्या वर्षात, १९६९ साली, देशभर सुरू झाली. तिचं शिबिर खेड्यात लागायचं, आणि ज्या खेड्याची शहरात लाज वाटायची त्याच खेड्यात मित्रांना घेऊन श्रमदान करताना ती लाज जायची. निवडणुकाही होत्या. त्यांत मारामाऱ्या व्हायच्या, हे खरं. १९९४ च्या कायद्यानंतर थेट निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेनुसार प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं खुल्या निवडणुकांची तरतूद पुन्हा आणली. पण मधल्या दोन दशकांत मतं मागायला हॉस्टेलच्या खोल्या पालथ्या घालणारा जीएस दिसेनासा झाला, आणि त्याच्याबरोबर माणसं जोडायची एक सवयही गेली.

आता आजचं चित्र पाहा. एका बाबतीत ते आमच्यापेक्षा नक्कीच चांगलं आहे. कारंजा, मानोरा, वाशीम इथं कॉलेजं आहेत. आमच्या वेळी गावातल्या मुलीला अमरावतीला ठेवायची कुणाची छाती नव्हती. आज मुली एसटीचा पास काढून रोज कॉलेजला जातात. ही मोठी कमाई आहे आणि जुन्या दिवसांच्या गोडव्यात ती विसरणं हा मुलींवर अन्याय होईल.

पण कॉलेज जवळ आलं आणि वसतिगृह सुटलं. सकाळच्या गाडीनं जायचं, दोन तास बसायचं आणि दुपारच्या गाडीनं घरी. पुष्कळ मुलांचं तर नाव कॉलेजात आणि मुक्काम गावात. पहाटे पोलीस भरतीसाठी रस्त्यानं धावायचं आणि परीक्षेपुरतं कॉलेज पाहायचं. मॅच आजही बघतात, आमच्यापेक्षा जास्तच बघतात. पण प्रत्येकाचा मोबाइल वेगळा आणि कानातली वायरही वेगळी. गंमत अशी, की खरा अभिमान वाटावा असं क्रिकेट विदर्भात आत्ता खेळलं जातंय. १९५७-५८ पासून रणजी खेळणाऱ्या विदर्भाला पहिलं विजेतेपद १ जानेवारी २०१८ रोजी मिळालं, तेही इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, ज्या होळकरांकडून सी. के. खेळले. त्या अंतिम सामन्यात हॅट्‌ट्रिक घेणारा रजनीश गुरबानी सिव्हिल इंजिनिअर. पुढच्याच मोसमात दुसरं आणि २०२५ च्या मार्चमध्ये केरळविरुद्ध तिसरं. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पहिल्यांदा पोचलेला उमेश यादव खापरखेड्याचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा. पोलिसात आणि सैन्यात भरती होण्याचा प्रयत्न करून पाहिलेला. आज गावोगाव पहाटे धावणाऱ्या पोरांना हे नाव जवळचं वाटायला हवं.

मोबाइल वाईट आणि रेडिओ चांगला, असं मला म्हणायचं नाही. प्रश्न दुपारी चारनंतरच्या मैदानाचा आहे. कॉलेजला मैदान असतं, गेटला कुलूप असतं आणि मुलगा बसस्थानकावर असतो. परगावची मुलं थांबतील असा एखादा दिवस आठवड्यात ठरवता येईल. त्या दिवशी कबड्डी असो, वादविवाद असो की पडद्यावर सगळ्यांनी मिळून पाहिलेली विदर्भाची मॅच असो. मुलींना सुरक्षित परत नेणारी सायंकाळची एक जादा गाडी आगारातून मागता येईल. तालुक्याच्या ठिकाणी लहानसं का होईना, वसतिगृह उभं करता येईल. पंजाबरावांनी ते शंभर वर्षांपूर्वी, आजच्यापेक्षा कितीतरी कमी पैशात केलं होतं.

विद्यापीठाची शताब्दी आपण करतो, इमारतींना रंग देतो, स्मरणिका छापतो. या वर्षी आपल्या तालुक्याच्या कॉलेजात गेलात तर एक करा. प्राचार्यांना निकालाची टक्केवारी विचारण्याआधी मैदानाची किल्ली कुणाकडे असते आणि परगावची मुलं शेवटच्या गाडीआधी किती वेळ कॉलेजात थांबतात, ते विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)