पीडीएफ दस्तऐवजाचा पासवर्ड काढताना : ई-आधारचे उदाहरण

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेले ई-आधार पासवर्ड दिल्याशिवाय उघडत नाही. प्राधिकरणाच्या चंडीगड प्रादेशिक कार्यालयाच्या कक्षेतील पंजाब व हरियाणा असो किंवा मुंबई कार्यालयाच्या कक्षेतील महाराष्ट्र व गोवा, या पासवर्डची रचना सर्वत्र एकच आहे. आधारवरील इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरे मोठ्या लिपीत व त्यापुढे जन्मवर्षाचे चार इंग्रजी अंक द्यावे लागतात. अनेक नागरिक सोयीसाठी हा पासवर्ड काढून टाकतात. मात्र तसे करताना दस्तऐवजाची प्रामाणिकता बाधित होऊ शकते, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

दोन प्रकारचे पासवर्ड

पीडीएफ हे स्वरूप अडोबी कंपनीने १९९३ मध्ये प्रचारात आणले व २००८ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या स्वरूपात दोन पासवर्डची सोय आहे. पहिला दस्तऐवज उघडण्यासाठी असतो. दुसरा मुद्रण, नक्कल किंवा बदल करण्याच्या अधिकारांवर नियंत्रण ठेवतो. पहिल्या प्रकारात मजकूर सांकेतिक रूपात साठवलेला असतो. त्यामुळे पासवर्ड काढणे म्हणजे मजकूर मूळ रूपात आणून त्याची नवी प्रत साठवणे होय.

काढण्याच्या पद्धती

सर्वांत सोपी पद्धत ब्राउझरची आहे. क्रोममध्ये फाईल उघडून पासवर्ड द्यावा, मुद्रणाची आज्ञा द्यावी आणि प्रिंटरच्या जागी ‘सेव्ह ॲज पीडीएफ’ हा पर्याय निवडावा. मुद्रणास मनाई नसल्यास नवी प्रत पासवर्डविना तयार होते. ॲक्रोबॅट प्रो या सशुल्क प्रणालीत दस्तऐवजाच्या ‘प्रॉपर्टीज’मधील ‘सिक्युरिटी’ विभागात ‘नो सिक्युरिटी’ निवडून फाईल पुन्हा साठवावी लागते. विनामूल्य ॲक्रोबॅट रीडरमध्ये ही सोय नाही. ‘क्यूपीडीएफ’ ही मुक्त प्रणालीही ज्ञात पासवर्ड दिल्यास हे काम करते. या सर्व पद्धतींत फाईल आपल्याच संगणकावर राहते. याउलट, पासवर्ड काढून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर ओळखपत्र चढवल्यास ते पासवर्डसह परक्याच्या हाती जाते.

स्वाक्षरीचे काय होते?

ई-आधारवर प्राधिकरणाची अंकीय स्वाक्षरी असते. ही स्वाक्षरी मूळ फाईलच्या आशयाशी निगडित असल्याने फाईल नव्याने लिहिली की ती पडताळता येत नाही. नव्या प्रतीत स्वाक्षरीची चौकट दिसली तरी ती केवळ चित्र असते. त्यावरील क्यूआर कोड मात्र स्वतंत्रपणे स्वाक्षरीकृत असल्याने स्पष्ट प्रतीवरूनही पडताळता येतो. म्हणून मूळ फाईल पासवर्डसह जपून ठेवणे हिताचे ठरते.

गोपनीयतेचा प्रश्न

जानेवारी २०१८ मध्ये चंडीगडहून प्रसिद्ध होणाऱ्या ‘द ट्रिब्यून’ या दैनिकाने ५०० रुपयांत आधारधारकांचा तपशील मिळत असल्याचे वृत्त दिले होते. बायोमेट्रिक माहिती सुरक्षित असल्याचे प्राधिकरणाने त्यावेळी स्पष्ट केले. त्याच महिन्यात आधार क्रमांकाऐवजी वापरता येणारा १६ अंकी आभासी क्रमांक जाहीर करण्यात आला. या प्रकरणाचा पीडीएफच्या पासवर्डशी थेट संबंध नव्हता. तथापि, नाव, पत्ता व क्रमांक एकत्र उघडे राहण्यातील धोका त्यातून चर्चेत आला.

ई-आधारचा पासवर्ड तसाही भक्कम नाही. नाव आणि जन्मवर्ष ठाऊक असणारी कोणीही व्यक्ती तो ओळखू शकते. परंतु तो काढलेली प्रत ई-मेलमधून किंवा झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावरून ज्याच्या हाती पडेल, त्याला ती विनासायास वाचता येते. त्यामुळे पूर्ण क्रमांक आवश्यक नसेल तेथे केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे ‘मास्क्ड आधार’ द्यावे. पासवर्डविना प्रत तयार करावीच लागली, तर काम होताच ती पुसून टाकावी आणि संगणक दुसऱ्याचा असल्यास ‘रिसायकल बिन’ही रिकामी करावी.